साडेपाचशे किलोचं चीझ आणि डोळ्यांना न दिसणारी भिंत

१ जानेवारी १८०२ची गोष्ट. वॉशिंग्टन शहर तेव्हा नुकतंच अमेरिकेची राजधानी झालं होतं. रस्ते कच्चे, घरं तुरळक, सगळीकडे बांधकामं चाललेली. अशा त्या शहरात राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या दाराशी एक गाडी येऊन उभी राहिली आणि ती बघायला ही गर्दी लोटली! गाडीत होतं चीझ. तुम्ही सँडविचमध्ये घालता ती चौकोनी चकती नव्हे हं. एकच अखंड चीझ, बैलगाडीच्या चाकाएवढं रुंद, सतरा इंच जाड आणि वजनाला १,२३५ पौंड, म्हणजे जवळजवळ ५६० किलो.

हे चीझ केलं होतं मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या चेशायर गावच्या शेतकऱ्यांनी. १८०१च्या उन्हाळ्यात त्यांनी एक दिवस ठरवला. त्या दिवशी घरोघरचं दूध एकाच ठिकाणी आणायचं. सुमारे ९०० गाईंचं दूध जमलं, असं सांगतात. आता चीझ करायचं म्हणजे फाटलेलं दूध दाबून त्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. पण एवढ्या मोठ्या गोळ्याला नेहमीचा साचा कसा पुरणार? मग गावकऱ्यांनी सफरचंदाचा रस काढायचं मोठं दाबयंत्र कामाला लावलं. चीझ काही महिने मुरू दिलं आणि थंडी पडल्यावर ते निघालं शेकडो मैलांच्या प्रवासाला. काही वाट बर्फावरच्या घसरगाडीतून, काही जहाजातून, काही घोड्यांच्या गाडीतून.

योगायोग असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात जमिनीतून हत्तीसारख्या एका प्रचंड प्राण्याची हाडं निघाली होती. जो तो मॅमथबद्दलच बोलत होता. म्हणून वर्तमानपत्रांनी या चीझला नाव दिलं ‘मॅमथ चीझ’. जेफरसन खूश झाले असणार, कारण जीवाश्मांचं त्यांना अतोनात वेड होतं. पण राष्ट्राध्यक्षानं कुणाकडून फुकट भेट घेऊ नये, असा त्यांचा नियम होता. त्यांनी चीझचे २०० डॉलर मोजून दिले.

आता खरं नवल ऐका. चीझ घेऊन आलेल्या मंडळींचे पुढारी होते जॉन लेलंड. ते होते बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. बाप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातलाच एक पंथ, आणि चेशायर गाव जवळपास सगळं त्याच पंथाचं. अतिशय भाविक माणसं. आणि जेफरसन? त्यांचे विरोधक निवडणुकीत ओरडून ओरडून सांगत होते, की हा माणूस देव मानत नाही, याला मत देऊ नका! मग या भाविक माणसांनी नेमकं त्याच्यासाठी एवढं मोठं चीझ का बरं केलं असेल?

त्यासाठी तेव्हाचा एक कर समजून घ्यायला हवा.

मॅसॅच्युसेट्स आणि शेजारचं कनेक्टिकट या दोन्ही राज्यांत एक पंथ सरकारमान्य होता, काँग्रिगेशनल नावाचा. गावकऱ्यांकडून कर गोळा व्हायचा आणि त्यातून या पंथाच्या पाद्रीबाबांचा पगार निघायचा. तुम्ही त्यांच्या चर्चमध्ये जात नसलात तरी कर भरायचा. बाप्टिस्टांना त्यातून सूट मिळू शकत असे, पण त्यासाठी दाखला आणायचा, तो दाखवायचा, अधिकाऱ्याला पटवून द्यायचं, आणि तरीही कधी कधी वसुली व्हायचीच. आपल्या देवाची प्रार्थना आपल्या पद्धतीनं करायची, तर त्यासाठी सरकारी कागद लागायचा!

कनेक्टिकटमधल्या डॅनबरी भागातल्या बाप्टिस्टांनी ऑक्टोबर १८०१मध्ये जेफरसनना एक पत्र लिहिलं. त्यांचं गाऱ्हाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणत होते, आम्हाला आमचा धर्म पाळू देतात खरं, पण उपकार केल्यासारखं. हा आमचा हक्क आहे असं कुणी मानत नाही. आणि जे उपकार म्हणून मिळतं, ते उद्या काढूनही घेता येतं.

हे दुखणं जुनं होतं. इंग्लंडमधून बरेच लोक अमेरिकेत आले ते धर्माच्या छळाला कंटाळून. पण इथं आल्यावर त्यातल्याच काहींनी दुसऱ्यांचा छळ सुरू केला. रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकानं मॅसॅच्युसेट्समध्ये सांगितलं, की कुणाच्या मनात काय श्रद्धा आहे यावरून शिक्षा द्यायचा सरकारला अधिकार नाही. झालं! १६३५मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला पकडून जहाजावर चढवणार, एवढ्यात तो निसटला आणि ऐन हिवाळ्यात, बर्फातून चालत दूर निघून गेला. त्याला आसरा दिला तिथल्या मूळ रहिवाशांनी. नॅरगॅनसेट लोकांकडून जमीन मिळवून त्यानं १६३६मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. तिथं ज्याला जसा हवा तसा धर्म पाळायची मुभा होती. या भानगडीत ‘भिंत’ हा शब्द पहिल्यांदा वापरणाऱ्यांपैकी हाच रॉजर विल्यम्स. धर्माच्या बागेत सत्तेचं रान शिरू नये म्हणून मध्ये भिंत हवी, असं तो म्हणायचा. लक्षात आलं ना? त्याला काळजी होती ती बागेची.

त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टन शहरात, १६६०मध्ये मेरी डायर या बाईला फाशी दिलं गेलं. तिचा गुन्हा एवढाच, की ती क्वेकर पंथाची होती आणि हद्दपार केलं तरी पुन्हा पुन्हा परत येत होती.

दक्षिणेकडच्या व्हर्जिनियात सरकारमान्य पंथ दुसराच, इंग्लंडच्या राजाचा अँग्लिकन. तिथं परवान्याशिवाय प्रवचन दिलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकत. ते पठ्ठे तुरुंगाच्या गजांमधून प्रवचन देत आणि लोक बाहेर उभे राहून ऐकत! जेम्स मॅडिसन नावाचा बाविसेक वर्षांचा तरुण हे सगळं आपल्या आसपास बघत होता. १७७४मध्ये त्यानं मित्राला पत्र लिहून आपला संताप कळवला. हाच मॅडिसन पुढे अमेरिकेची राज्यघटना लिहिण्यात सगळ्यात पुढे होता आणि नंतर देशाचा चौथा राष्ट्राध्यक्ष झाला.

इंग्रजांचं राज्य गेल्यावर व्हर्जिनियात एक नवा प्रस्ताव आला. धर्मासाठी कर घेऊ, पण आपला पैसा कुठल्या ख्रिस्ती पंथाला द्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. ऐकायला बरं वाटतं, नाही? मॅडिसनला ते मुळीच बरं वाटलं नाही. त्यानं १७८५मध्ये एक लांबलचक अर्ज लिहिला. आज सरकार तीन पेन्स मागतंय म्हणून तुम्ही देताय, पण धर्मासाठी तीन पेन्स वसूल करायचा अधिकार एकदा दिलात, तर उद्या तेच सरकार तुम्हाला अमुकच धर्म पाळा असंही सांगू शकेल, असा त्याचा युक्तिवाद होता. हजारो लोकांनी अशा अर्जांवर सह्या केल्या, आणि त्यात बाप्टिस्टांचा वाटा फार मोठा होता. प्रस्ताव बारगळला. त्याऐवजी जानेवारी १७८६मध्ये जेफरसन यांनी पूर्वी लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. कायद्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालावं अशी सूचना आली होती, ती सभागृहानं नाकारली. म्हातारपणी आत्मचरित्रात जेफरसन यांनी लिहून ठेवलंय, की याचा अर्थ स्पष्ट होता. हा कायदा ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारा, अशा सगळ्यांसाठी होता. होय, हिंदूंचा उल्लेख आहे त्या आत्मचरित्रात! तेव्हा व्हर्जिनियात हिंदू शोधून सापडला नसता. आज शिकागोत, न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी गणपती बसवतात, त्यांचा विचार त्या कायद्यात जणू आधीच केलेला होता.

जेफरसन यांना हा कायदा इतका प्रिय, की आपल्या थडग्यावर कोरायला त्यांनी तीनच कामं सांगितली: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, हा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना. राष्ट्राध्यक्ष होतो, हे कोरायला सांगितलंच नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. माणसाचं मन मोकळं असलं पाहिजे असं लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात ६००हून जास्त माणसांना गुलाम म्हणून राबवलं. चेशायरच्या शेतकऱ्यांनी मात्र चीझबरोबरच्या संदेशात मुद्दाम लिहिलं होतं, की या चीझला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. थोर माणसांची थोर कामं वाचताना ही बाजू झाकून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

१७९१मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिली दुरुस्ती आली. तिची सुरुवात धर्मापासून होते आणि तेवढा भाग इंग्रजीत फक्त सोळा शब्दांचा आहे. त्याचा अर्थ असा: काँग्रेस कुठलाही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करणार नाही आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवणारा कायदाही करणार नाही. (तिकडे ‘काँग्रेस’ म्हणजे संसद बरं का, पक्ष नव्हे.) सरकारनं कुणाचाही धर्म चालवायचा नाही आणि कुणाच्याही धर्माच्या आड यायचं नाही. पण गंमत बघा, हा नियम सुरुवातीला फक्त देशाच्या केंद्र सरकारला लागू होता. राज्यं मोकळी होती. म्हणून तर डॅनबरीचे बाप्टिस्ट १८०१मध्येही कुरकुरत होते. कनेक्टिकटनं सरकारमान्य पंथाची पद्धत १८१८मध्ये सोडली आणि मॅसॅच्युसेट्सनं थेट १८३३मध्ये.

आता परत १ जानेवारी १८०२कडे. ज्या दिवशी ते चीझ दारात आलं, त्याच दिवशी जेफरसन यांनी डॅनबरीच्या पत्राला उत्तर लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं, की या घटनादुरुस्तीनं अमेरिकेच्या लोकांनी धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये एक भिंत उभी केली आहे. राज्यघटनेत ‘भिंत’ हा शब्द कुठेच नाही. तो आहे या पत्रात. तरी तो इतका गाजला, की आजही न्यायालयात वकील त्याच्यावरून भांडतात.

या पत्राचा कच्चा मसुदाही जपून ठेवलेला आहे. त्यात जेफरसन यांनी काही ओळी शाईनं इतक्या गडद खोडल्या होत्या, की दीडशे-दोनशे वर्षं कुणाला वाचता आल्या नाहीत. मग १९९८मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयानं तो कागद पाठवला एफबीआयच्या प्रयोगशाळेत! गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी शाईखाली दडलेली अक्षरं वाचून दिली. काय लिहिलं होतं तिथं? उपवासाचे आणि देवाचे आभार मानायचे दिवस सरकारी हुकमानं जाहीर करायला मी नकार देतो, कारण तसं करणं हे इंग्लंडच्या राजाचं काम, साधारण अशा अर्थाचा तो मजकूर होता. शेजारी समासात त्यांनी टीप लिहिली होती, की हा भाग वगळला, कारण पूर्वेकडच्या आपल्या काही मित्रांना तो खटकेल. आणि हे पत्र लिहिल्यावर दोनच दिवसांनी, रविवारी, संसदेच्या सभागृहात चीझवाल्या लेलंडबाबांचं प्रवचन झालं आणि ते ऐकायला जेफरसन स्वतः जाऊन बसले. भिंत म्हणजे नक्की कुठे, किती उंच, तिला दार आहे की नाही, हा वाद तिथूनच सुरू होतो.

आणि या वादात सगळ्यात मोठी कामगिरी कुणी केली, सांगू? शाळेतल्या मुलांनी.

अमेरिकेत मुलं शाळेत झेंड्यासमोर उभं राहून प्रतिज्ञा म्हणतात. ही प्रतिज्ञा पहिल्यांदा छापून आली १८९२मध्ये, बॉस्टनच्या ‘द यूथ्स कम्पॅनियन’ नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात. ती लिहिली फ्रान्सिस बेलमी यांनी, आणि तेही बाप्टिस्ट धर्मोपदेशकच. तरी त्यांच्या मूळ प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख नव्हता. तो संसदेनं १९५४मध्ये घातला.

१९३५ साल. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं मायनर्सव्हिल हे कोळशाच्या खाणींचं गाव. लिलियन गोबिटास बारा वर्षांची आणि तिचा भाऊ विल्यम, घरचं नाव बिली, दहा वर्षांचा. त्यांचं कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. देवाशिवाय कशाहीपुढे वंदन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. त्या काळी अमेरिकेत झेंड्याला वंदन करताना हात ताठ पुढे करायची पद्धत होती. तिकडे जर्मनीत याच पंथाचे लोक हिटलरला तसाच हात करायला नकार देत होते आणि छळछावण्यांत जात होते. लिलियन आणि बिलीनं ठरवलं, आपणही झेंड्याला वंदन करायचं नाही. बिलीनं शाळा समितीला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. माझं देशावर प्रेम आहे, पण देवावर त्याहून जास्त आहे आणि मला त्याची आज्ञा पाळली पाहिजे, असं त्या दहा वर्षांच्या मुलानं लिहिलं. ते पत्र आजही जपलेलं आहे.

दोघांनाही शाळेतून काढून टाकलं. त्यांच्या वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं, त्यावर लोकांनी बहिष्कार टाकला. खटला चालत चालत सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि जून १९४०मध्ये निकाल लागला. आठ न्यायाधीश मुलांच्या विरोधात, एकटे न्यायमूर्ती स्टोन मुलांच्या बाजूनं. देशाची एकजूट महत्त्वाची, असं बाकीच्यांचं म्हणणं. युरोपात युद्ध पेटलेलं होतं, लोकांच्या मनात भीती होती. निकालानंतर देशभर यहोवाच्या साक्षीदारांवर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंक गावात त्यांचं प्रार्थनागृह जाळलं गेलं. न्यायालयानं एक वाक्य चुकीचं लिहिलं, की रस्त्यावर काय होतं ते बघा.

पुढे वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं झेंडावंदन सक्तीचं केलं. न करणाऱ्या मुलांना शाळेतून काढायचं आणि आईबापांना दंड नाहीतर कैद! तिथं गॅथी आणि मेरी बार्नेट या दोन लहान बहिणींना घरी पाठवलं गेलं. पुन्हा खटला, पुन्हा सर्वोच्च न्यायालय. पण दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडली होती. आधीच्या निकालातल्या तीन न्यायाधीशांनी, आमचं तेव्हा चुकलं, असं जाहीरपणे लिहून टाकलं होतं. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून असं म्हणायला छाती लागते.

१४ जून १९४३ रोजी निकाल आला: सहा विरुद्ध तीन, मुलींच्या बाजूनं. तो दिवस अमेरिकेत झेंड्याचा दिवस म्हणून पाळतात! न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं, की देशप्रेम असो, धर्म असो की राजकारण, नागरिकांनी काय मानावं हे कुठलाही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही आणि ते तोंडानं किंवा हातानं कबूल करायला लावू शकत नाही. हा निकाल फक्त एका पंथापुरता नव्हता. कुठल्याही कारणानं ज्याला ते शब्द म्हणायचे नाहीत, त्या प्रत्येकाला त्यानं अभय दिलं. महायुद्ध ऐन भरात असताना, बरं का! गंमत म्हणजे दोन्ही खटल्यांत न्यायालयाच्या कागदांवर कुटुंबाची आडनावं चुकीची लिहिली गेली. गोबिटासचं झालं ‘गोबिटिस’ आणि बार्नेटच्या स्पेलिंगला शेवटी एक जादा अक्षर चिकटलं. कायद्याच्या पुस्तकांत ती तशीच राहिली आहेत.

मग आला शाळेतल्या प्रार्थनेचा प्रश्न. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळानं एक छोटी प्रार्थना तयार केली, इंग्रजीत फक्त बावीस शब्दांची. कुठल्याही पंथाचं नाव नाही, म्हणायची सक्तीही नाही. तरी काही पालक न्यायालयात गेले. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लोकांनी म्हणायच्या प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही. देशभर केवढा गदारोळ झाला! राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्रकारांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की यावर सोपा उपाय आहे: आपण आपल्या घरी जास्त प्रार्थना करू या.

दुसरी गोष्ट एलरी शेंप या सोळा वर्षांच्या मुलाची. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या शाळेत रोज सकाळी बायबलमधल्या दहा ओळी वाचल्या जात. कायदाच होता तसा. नोव्हेंबर १९५६मध्ये एके दिवशी एलरी वर्गात कुराण घेऊन गेला आणि बायबलचं वाचन चालू असताना ते उघडून मनात वाचू लागला. तो काही मुसलमान नव्हता. त्याचं कुटुंब चर्चमध्ये जाणारं होतं. त्याला एवढंच दाखवायचं होतं, की सरकार जर एक धर्मग्रंथ निवडत असेल, तर बाकीचे का नाहीत? त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवलं. त्यानं घरी जाऊन नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेला पत्र लिहिलं आणि पाकिटात स्वतःचे दहा डॉलर घातले. निकाल लागेपर्यंत तो शाळेतून बाहेरही पडला होता. मग त्याच्या धाकट्या भावंडांच्या नावानं खटला पुढे गेला, आणि १९६३मध्ये ते जिंकले. एलरी पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला. शरीराच्या आतलं चित्र काढणारी एमआरआय यंत्रं असतात ना, त्यांच्यावर त्यानं काम केलं.

यावरून कुणाला वाटेल, तिथल्या शाळांत मुलांना प्रार्थना करायलाच बंदी आहे. तसं अजिबात नाही. परीक्षेच्या आधी मनातल्या मनात देवाचं नाव घ्या, मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर प्रार्थना करा, इतर मंडळं चालत असतील तर शाळा सुटल्यावर धर्मग्रंथ वाचायचं मंडळही काढा, सगळ्याला परवानगी आहे. सरकारी पगार घेणाऱ्या बाईंनी किंवा सरांनी ‘चला, म्हणा आता’ असं सांगायला बंदी आहे. आणि ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. फिलाडेल्फिया शहरात १८४४मध्ये दंगली झाल्या, त्यामागे एक मोठं कारण हेच, की शाळेत कुठल्या पंथाचं बायबल वाचायचं. एकाच धर्माचे दोन पंथ, एकाच ग्रंथाची दोन भाषांतरं, आणि तेवढ्यावरून चर्च जळली, माणसं मेली.

भिंतीची दुसरी बाजू दाखवणारा खटला मला सगळ्यात अवघड वाटतो. अमिश नावाचे लोक अमेरिकेत शेतीवर साधेपणानं राहतात, घोडागाडीनं फिरतात. आठवीनंतर मुलांनी शेतात आणि घरात शिकावं, हा त्यांच्या धर्माचा भाग. पण विस्कॉन्सिन राज्याचा कायदा म्हणे, सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची. तीन वडिलांना पाच-पाच डॉलर दंड झाला. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अमिश लोकांच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी एक प्रश्न विचारला: आईवडिलांचं ऐकलंत, सरकारचं ऐकलंत, पण या मुलांना काय हवंय, ते कुणी विचारलं का? एका मुलीनं साक्ष दिली होती, बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या मुलांपैकी एखाद्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळवीर व्हायचं असेल तर? न्यायमूर्ती डग्लस यांना मी पूर्ण गुण देईन.

भिंत सरळ नाही, हेही खरं. अमेरिकेच्या नाण्यांवर, नोटांवर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ असं छापलेलं असतं. नाण्यांवर तर १८६४पासून. संसदेचं कामकाज प्रार्थनेनं सुरू होतं. आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनं निकाल दिला, सहा विरुद्ध तीन. ही त्याची स्वतःची प्रार्थना आहे, असं सहा जण म्हणाले. तीन न्यायाधीशांना काळजी होती ती संघातल्या मुलांची. कुणाला खेळवायचं हे ज्याच्या हातात आहे, तो प्रार्थना करत असताना बाजूला उभं राहायला किती मुलांना धीर होईल? मला त्या तिघांचं म्हणणं पटतं. पण सहा जणांच्या बाजूचाही विचार करून बघा, कारण तो प्रशिक्षकही माणूसच आहे आणि श्रद्धा त्यालाही आहे.

या सगळ्या गोष्टीत एक धागा तुमच्या ध्यानात आला असेल. रॉजर विल्यम्स धर्मोपदेशक. लेलंड धर्मोपदेशक. डॅनबरीची मंडळी भाविक. बिली, लिलियन, गॅथी, मेरी, सगळ्यांची देवावर गाढ श्रद्धा. ही भिंत देवाचा राग करणाऱ्यांनी बांधली, असं अनेकांना वाटतं. पण ती मागायला सगळ्यात आधी पुढे आली, ती देवावर मनापासून प्रेम करणारी माणसं. सरकारनं ढकललं म्हणून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, हे त्यांना इतरांपेक्षा चांगलं कळत होतं.

शेवटी आपल्या देशातली एक गोष्ट. केरळमधल्या एका शाळेत बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही तीन भावंडं होती, तीही यहोवाच्या साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. जुलै १९८५मध्ये त्यांना शाळेतून काढलं. प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल लिहिताना आपल्या राज्यघटनेबरोबरच अमेरिकेतले ते दोन्ही झेंड्याचे खटलेही विचारात घेतले, गोबिटास भावंडांचा आणि बार्नेट बहिणींचा. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयानं आदेश दिला, की तिघांनाही शाळेत परत घ्या.